फ्लॅट बार की ड्रॉप बार? आधी तुमची सर्वांत लांबची फेरी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२, रोज कामावर जाऊन-येऊन २२ किलोमीटर, रविवारी मित्रांबरोबर ५०-६०. आत्तापर्यंत जुन्या साध्या सायकलीवर भागलं, आता पहिली धड रोड बाइक घ्यायची आहे. मित्र सगळे ड्रॉप बारवाले, म्हणजे टोकं पुढे जाऊन खाली वाकलेल्या हँडलचे. ते म्हणतात तीच घे, नाहीतर वर्षभरात पस्तावशील. दुकानदार म्हणतो फ्लॅट बार, म्हणजे सरळ आडव्या हँडलची घ्या, पाठीला बरी, आणि पुढेमागे वाटलंच तर हँडल बदलून देऊ. मान आणि कंबर अधूनमधून कुरकुरते. ऐकायचं कुणाचं?

मित्रांचं अर्धं ऐका, दुकानदाराचंही अर्धं. पण ते ‘हँडल बदलून देऊ’ मात्र या कानाने ऐका आणि त्या कानाने सोडून द्या. सुरुवात तिथूनच करते, कारण या सगळ्या व्यवहारात पैसे बुडतात ते तिथेच.

मी गेली १६ वर्षं सायकली दुरुस्त करते आणि माणसांना त्यांच्या सायकलीवर नीट बसवून देते. शिकाऊ असताना माझ्याच फ्लॅट बार सायकलला मी हौसेने ड्रॉप बार लावला होता. एक नळी काढायची, दुसरी लावायची, त्यात काय! स्टेमच्या, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणाऱ्या आखूड दांड्याच्या, पकडीत बार बरोबर बसला, कारण मधलं माप दोन्हींकडे ३१.८ मिलिमीटरच होतं. मग जुने ब्रेक लिव्हर सरकवायला घेतले, तर जाईनात. लिव्हर बसतो तिथे फ्लॅट बारची नळी २२.२ मिलिमीटरची असते आणि ड्रॉप बारची २३.८. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा, पण तेवढ्याने एकाचा लिव्हर दुसऱ्याला चालत नाही. नवे लिव्हर आणले. बसवले. दाबले तर लिव्हर सरळ बारला जाऊन टेकला आणि चाक आपलं फिरतंच आहे. माझ्या सायकलला व्ही-ब्रेक होते, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना लांब उभे हात असलेले. त्यांना केबल भरपूर ओढावी लागते, आणि रोडचा लिव्हर केबल कमी ओढतो. शेवटी पॅड रिमला जवळजवळ चिकटवून ठेवले तेव्हा कुठे ब्रेक लागायला लागले, आणि मग रिम जराशी हलली की दिवसभर घासण्याचा आवाज. उलटं केलं, म्हणजे व्ही-ब्रेकचा लिव्हर रोड बाइकच्या कॅलिपरला, म्हणजे तिच्या आखूड रिम ब्रेकला, जोडला, तर प्रकार जास्त फसवा होतो. लिव्हर दगडासारखा कडक लागतो, हाताला वाटतं ब्रेक झकास आहेत, आणि सायकल थांबत नाही.

गिअरची गंमत वेगळीच. शिमानो कंपनीचे मागचे डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारे भाग, मागे नऊ गिअर असेपर्यंत रोड आणि माउंटन असे एकमेकांत खपून जायचे. दहा गिअरपासून दोघांची केबल ओढण्याची मापं वेगळी झाली. पुढच्या डिरेलरचं तर आधीपासूनच जमत नव्हतं. त्यात ड्रॉप बारचा आजचा लिव्हर म्हणजे ब्रेक आणि शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायची कळ, एकाच अंगात. शिमानोने तो १९९० च्या सुमारास आणला. त्याआधी गिअर बदलायला हँडल सोडून हात खाली फ्रेमच्या नळीपर्यंत न्यावा लागायचा. सोय मोठी, पण फ्रेम आणि चाकं सोडली तर सायकलीवरचा सर्वांत महाग भाग बहुधा हाच असतो. म्हणजे ‘हँडल बदलणं’ म्हणजे बार, लिव्हर, केबल, टेप, कधी डिरेलर, कधी ब्रेक. बेरीज केली की पहिल्यापासून ड्रॉप बारचीच सायकल घेतली असती तर बरं झालं असतं, असं वाटायला लागतं.

आणि एवढं सगळं करूनही ती सायकल माझ्या मापाची राहिली नाही. खरी मेख इथे आहे. फ्लॅट बारवर तळहात स्टेमच्या टोकाशी, किंवा बार किंचित मागे वळलेला असतो म्हणून त्याच्याही थोडे मागे, टेकतात. ड्रॉप बारवर हुड, म्हणजे लिव्हरच्या वरचा रबरी उंचवटा, धरला की हात स्टेमच्या टोकापासून जवळजवळ १० सेंटिमीटर पुढे जातो. बार स्वतःच ७ ते ८ सेंटिमीटर पुढे आलेला असतो, वर हुडची लांबी. हे बनवणाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणून फ्लॅट बारसाठीची फ्रेम ते लांब ठेवतात आणि ड्रॉप बारसाठीची आखूड. लांब फ्रेमवर ड्रॉप बार लावला की माणूस कपडे वाळत घातल्यासारखा ताणला जातो. स्टेम आखूड करून थोडं सावरता येतं, पण सगळं नाही. ड्रॉप बारच्या फ्रेमवर फ्लॅट बार लावणं त्या मानाने सोपं. स्टेम लांब घ्यायचा, आणि रोडच्या गिअरसाठी फ्लॅट बारवर बसणारे शिफ्टर मिळतात. तेव्हा पुढेमागे बदलायची शक्यता खरोखरच वाटत असेल तर बदल ड्रॉपकडून फ्लॅटकडे स्वस्तात होतो, उलट नाही. दुकानदाराने नेमकी उलटी बाजू सांगितली.

आता मित्रांकडे वळू. ड्रॉप बार कशासाठी? ‘वेगासाठी’ हे उत्तर सगळे देतात आणि ते चुकीचंही नाही, पण माझ्या लेखी ते दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे. पहिलं कारण हात.

उभे राहा आणि दोन्ही हात सैल सोडा. तळवे मांड्यांकडे वळलेले असतात, अंगठे पुढे. तसेच हात उचलून पुढे करा, कुणाशी हस्तांदोलन करायचंय असे. हुड धरताना मनगट साधारण असंच राहतं. आता टेबलावर टेकवतो तसे तळवे खाली करा. ही फ्लॅट बारची पकड. कोपरापासून पुढचा हात थोडा पिळला जातो, कोपर बाहेर निघतं, आणि भार तळहाताच्या करंगळीकडच्या गादीवर येतो. त्याच गादीतून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे जाणारी अल्नर नस जाते. तासाभराने या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या तर ती हीच नस दबतेय. मनगट मागे मोडून धरलं असेल तर अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होतात, ती नस वेगळी. ड्रॉप बारवरही हे होतं, त्याला कुणाची सूट नाही. पण तिथे हात हलवायला जागा आहे. हुड, वरचा आडवा भाग, हुडच्या मागचं वळण, खालचा वाकलेला भाग. दहा-दहा मिनिटांनी पकड बदलली की कुठल्याच एका जागी दाब साचत नाही. फ्लॅट बारवर माणूस बोटं उघडझाप करतो, हात झटकतो, आणि पुन्हा त्याच जागी ठेवतो.

म्हणून माझा हिशोब किलोमीटरचा नाही, न थांबता बसण्याच्या वेळेचा आहे. पाऊण तासापर्यंत कुठलंही हँडल चालतं. दीड-दोन तासांच्या पुढे एकाच पकडीचा त्रास बहुतेकांना जाणवायला लागतो. अपवाद असतात. रँडोनरिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि तेवढं अंतर फ्लॅट बारवर हसतहसत संपवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांच्या बारकडे नीट बघा. पंखासारखी पसरट ग्रिप असते आणि दोन्ही बाजूंना बार एंड, म्हणजे पुढे आलेली छोटी शिंगं, लावलेले असतात. दुसरी पकड त्यांनीही शोधलेलीच असते.

आता वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद घनाने. ऐकायला रुक्ष वाटतं, पण आकडे मांडले की चित्र स्पष्ट होतं. फ्लॅट बारवर बऱ्यापैकी ताठ बसलेल्या माणसाचा हवेला अडवणारा आकार ०.४० चौरस मीटर धरू आणि हुडवर कोपरं वाकवून बसलेल्याचा ०.३४. वारा पडलेला आहे, रस्ता सपाट आहे. ताशी १८ किलोमीटरला पहिल्याला हवेसाठी सुमारे ३० वॅट लागतात, दुसऱ्याला २५-२६. हा फरक कुणाला कळतही नाही. ताशी ३० ला तेच आकडे १३९ आणि ११८ होतात. वीसेक वॅट! मित्रांचा घोळका तिशीने निघाला आणि तुमचं इंजिन त्यांच्याएवढंच असेल, तर हा फरक तुम्हाला तासभर दर मिनिटाला मोजावा लागेल. मागे आडोशाला राहिलात तर कमी, पण पुढे यायची पाळी आली की पूर्ण. कामावर जाताना सिग्नल, वळणं, पायी चालणारे यांच्यामध्ये सरासरी १८ पडत असेल, तर तिथे ड्रॉप बारचा हा फायदा जवळजवळ शून्य.

फ्लॅट बारची बाजू आता नीट मांडते, कारण रोड बाइकवाल्यांत तिला उगाचच खालच्या पंगतीला बसवतात. गर्दीच्या रस्त्यावर ती चांगली सायकल आहे. बोटं सतत ब्रेकवर. मान वर, नजर लांब, मागे वळून बघताना खांदा अडत नाही. रुंद हँडलमुळे हळू वेगात तोल सांभाळायला सोपं जातं. खड्डा चुकवताना, एका हाताने वळण्याची खूण करताना ती डगमगत नाही. घंटी, आरसा, दिवा, फोनचा स्टँड, सगळ्याला जागा. भाग स्वस्त, केबल बदलायला सोप्या. रुंदीचा तोटा एवढाच, की ५८-६२ सेंटिमीटरचं हँडल दोन गाड्यांच्या फटीत ४२ च्या हँडलाइतकं सहज शिरत नाही. तशा फटीत शिरूच नये हा भाग निराळा.

ब्रेकबद्दल जरा थांबते, कारण ड्रॉप बार घेऊन महिन्यात परत येणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते. हुडवरून ब्रेक दाबताना बोटं लिव्हरच्या खिळीच्या जवळ पडतात, म्हणून तरफ कमी मिळते. खालचा भाग धरून दाबलं तर तोच ब्रेक दोन बोटांत चाक अडवतो. केबलच्या रिम ब्रेकवर हा फरक ठळक जाणवतो, हायड्रॉलिक डिस्कवर बराच कमी. आणि वरचा आडवा भाग धरलेला असताना तर हाताशी ब्रेकच नसतो, तो सापडेपर्यंत अर्धा सेकंद जातो. काही सायकलींना तिथे छोटे जादा लिव्हर असतात. गर्दीतून रोज जाणाऱ्याने ते जरूर लावून घ्यावेत, त्याला हसणाऱ्यांना हसू द्यावं.

माझे हात लहान आहेत. पहिल्या ड्रॉप बार सायकलीवर हुड धरला की लिव्हर माझ्या बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंतच यायचा, आणि मी वर्षभर समजत होते की सगळ्यांचं असंच असतं. आजच्या बहुतेक लिव्हरच्या रबराखाली किंवा बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर बारच्या जवळ येतो. दोन मिनिटांचं काम. दुकानातून निघताना ते करून घ्या. बारची रुंदीही विचारा. खांद्याच्या हाडांएवढी असावी, ४० च्या जागी ४४ दिली तर फायदा काही नाही, दिवसभर हात फाकलेले राहतात.

तुमच्या पाठीचा प्रश्न. ‘ड्रॉप बार म्हणजे वाकणं, फ्लॅट बार म्हणजे ताठ’ हे निम्मंच खरं आहे. किती वाकायचं ते बारच्या आकारावर नाही, हात सीटच्या तुलनेत किती खाली आणि किती पुढे जातात त्यावर ठरतं. शर्यतीच्या फ्रेमवर हुड सीटपेक्षा बरेच खाली असतात. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब फेऱ्यांत आरामासाठी बनवलेल्या, प्रकारच्या फ्रेमवर पुढची नळी उंच असते आणि हुड सीटच्या जवळपास त्याच उंचीवर येतात. दुसरीकडे, स्टेम खाली दाबून बसवलेली फ्लॅट बार रोड बाइक त्या एन्ड्युरन्सपेक्षा जास्त वाकवते. दुकानात दोन्ही शेजारी उभ्या करा, फूटपट्टी लावा, तुमचं तुम्हालाच दिसेल. सायकलीच्या माहितीपत्रकात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ असे दोन आकडे असतात, पहिला उंचीचा, दुसरा लांबीचा. तुमच्यासारख्याने पहिला मोठा आणि दुसरा लहान अशी फ्रेम शोधायची. फक्त फ्लॅटचा रीच ड्रॉपच्या रीचशी थेट ताडू नका, मघाशी सांगितलेले १० सेंटिमीटर मध्ये आहेत.

आणि एक गोष्ट. मान दुखते म्हणून येणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांची कोपरं ताठ असतात. ताठ कोपरातून रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ खांद्यात जातो. कोपरात थोडा बाक ठेवा म्हणून सांगावं तर पाच मिनिटं ठेवतात, पुन्हा ताठ. सवयीचा दोष नसतो तो, हँडल लांब असतं. हात पोहोचवण्यासाठी सीट पुढे ओढणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे. सीटची जागा पायांनी ठरवायची असते, हातांनी नाही. आधी सीट, मग स्टेम.

टायर आणि गिअर यांवर लोक बोलत नाहीत, पण रोजच्या आरामात त्यांचा वाटा हँडलाइतकाच आहे. ३२ मिलिमीटरचं टायर बसेल एवढी जागा फ्रेममध्ये असू द्या. चढासाठी पुढे ३४ आणि मागे निदान ३२ दातांची चकती मिळाली तर उत्तम. फ्लॅट बारवाल्या सायकलींना हलके गिअर बहुधा आपसूक येतात, ड्रॉप बारवाल्यांत विचारून घ्यावे लागतात. पुढे सस्पेन्शनचा फोर्क असलेली फ्लॅट बार घेऊ नका. तुमच्या वापराला ते नुसतं वजन.

मग तुम्ही काय घ्यावं? तुमची कामाची फेरी एका बाजूची ११ किलोमीटर, म्हणजे अर्धा-पाऊण तास. तेवढा वेळ कुठलंही हँडल निभावून नेतं. रविवारची फेरी अडीच तासांची, आणि तीही ड्रॉप बारवाल्यांच्या घोळक्यात. निवड सर्वांत लांबच्या फेरीसाठी करायची, छोटी फेरी तिच्यात सामावून घेते. त्यामुळे तुमच्या जागी मी उंच पुढची नळी असलेली, डिस्क ब्रेकची, ३२ च्या टायरला जागा असलेली ड्रॉप बार एन्ड्युरन्स सायकल घेतली असती. मित्र बरोबर आहेत, पण त्यांच्यासारखी शर्यतीची फ्रेम नको.

माझं हे मत दोन परिस्थितींत बदलेल. रविवारची फेरी खरं तर महिन्यातून एकदाच होते, बाकीच्या वेळा ‘पुढच्या रविवारी नक्की’, असं असेल तर रोजच्या रस्त्यासाठी फ्लॅट बार घ्या आणि ग्रिपच्या आतल्या बाजूला बार एंड लावा. आत लावले की पकड हुडसारखी होते, आणि बाहेर लावल्यावर घोळक्यात शेजाऱ्याच्या हँडलला अडकण्याची भीती असते तीही राहत नाही. दुसरी परिस्थिती म्हणजे तुमचा कामाचा रस्ता एवढा दाटीचा आहे की दर मिनिटाला ब्रेक दाबावा लागतो. तिथे हुडवरून ब्रेक मारताना मनात धाकधूक राहिली तर रोजचा आनंद जाईल.

घेण्याआधी सायकल दहा मिनिटं नाही, दीड तास चालवून बघायला मागा. देत नसतील तर कुणा मित्राची, तुमच्या उंचीच्या जवळपासच्या मित्राची, एका रविवारी अदलाबदल करा. पहिली पंधरा मिनिटं सगळंच विचित्र वाटेल, ती सोडून द्या. मोकळ्या जागेत आधी हुडवरून, मग खालून असे वीसेक वेळा ब्रेक मारून सायकल पूर्ण थांबवा. मग सपाट रस्त्यावर सावकाश पेडल मारत असताना दोन्ही तळहात हँडलवरून जेमतेम बोटभर उचला. पुढे कोसळत असाल तर भार हातांवर जास्त आहे, हँडल लांब किंवा खाली आहे. कोणतं बोट आधी बधिर होतं ते लक्षात ठेवा आणि सायकल बसवून देणाऱ्याला सांगा, त्याला त्यावरून पुष्कळ कळतं.

ड्रॉप बार घेतलीत तर दोन महिन्यांनी तिची टेप बघा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच सायकलींवर खालच्या वाकलेल्या भागाची टेप दुकानातून आणल्यासारखी कोरी असते, आणि हुडभोवतीची काळवंडलेली. त्यात काही वाईट नाही, बहुतेक माणसं हुडवरच राहतात. पण मळलेली जागा फक्त स्टेमजवळचा आडवा भाग असेल, हुड स्वच्छ असतील, तर हुड तुमच्यासाठी लांब आहेत. एक-दोन सेंटिमीटरने आखूड स्टेम लावून घ्या आणि पुन्हा दोन महिने चालवा.